मारुतीचं शेपूट उभं राहत नाही, सारखं पडतंय: कुठून बघायला सुरुवात करायची

आधी लक्षणं सांगते, तुमचं कुठलं ते बघा. कारण पोराच्या मारुतीच्या सोंगाचं कापडी शेपूट घेऊन येणारं प्रत्येक जण "ताई, शेपूट पडतंय" एवढंच म्हणतं आणि त्या एका वाक्यात सहा-सात वेगळी दुखणी असतात.

घातल्या घातल्या छान दिसतं, पण दहा मिनिटांत हळूहळू खाली येऊन दोन पायांच्या मधे लोंबायला लागतं. हे सगळ्यात जास्त.

बुडापाशी ताठ असतं, पण वीतभर पुढं गेलं की मान मोडल्यासारखं एका जागी मुरडतं.

शेपूट जागेवर असतं पण चड्डी मागून खाली ओढली जाते, मग मारुतीराया एका हातात गदा आणि दुसऱ्या हातात चड्डी धरून स्टेजवर.

शेपूट स्वतःभोवती पीळ खातं, गोंडा सकाळी वर होता तो दुपारी खाली तोंड करून.

हाताला गाठी लागतात, मधे पोकळ, टोक रिकाम्या पिशवीसारखं चपटं.

बुडाशी शिवण उसवते आणि आतला पांढरा फायबर बाहेर डोकावतो.

आणि शेवटचं, आतली तार कुठंतरी टोचते. हे असलं तर बाकी काही वाचत बसू नका, शेपूट पोराच्या अंगावरून काढा आणि खाली तारेबद्दल लिहिलंय तिथं जा.

मी सांगलीत गावभागात शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको हा रोजचा धंदा, पण डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग सुरू झाली की दारात शेपटांची रांग लागते, मग चैत्रात हनुमान जयंतीच्या मिरवणुकीला परत. मारुती सगळ्यात जास्त, मग वाघ, मग वानरसेना (ती तर डझनावारी असते आणि सगळी एकाच दिवशी हवी असते). बारा-तेरा वर्षं हेच करतेय आणि गंमत म्हणजे नवीन शिवण्यापेक्षा दुसऱ्यानं शिवलेलं दुरुस्त करायचं कामच जास्त येतंय, तेही कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता.

गेल्या डिसेंबरात एक वहिनी अशाच आल्या, घाम पुसत, पोरगं मागं शेंदरी रंग लावून तयार. "अहो ताई, काल रात्री तर ताठ होतं की हे!" मी विचारलं, काल रात्री कुठं ठेवलेलं? म्हणे कॉटवर. कॉटवर ठेवलेलं शेपूट ताठच दिसणार ना वहिनी, खाली कॉट आहे की. त्यांनी रात्री दोन जुन्या ओढण्या फाडून आत अजून कोंबल्या होत्या. हातात घेतलं तर एखादं तान्हं बाळ उचलल्यासारखं जड.

सगळी चूक तिथंच होते. पडलं की लोक आत भरतात. भरलं की वजन वाढतं, वजन वाढलं की अजून पडतं, मग तार घालायची आयडिया येते, तारेनं वजन अजून वाढतं. माझ्याकडं आलेली शेपटं बहुतेक भरावामुळं पडलेली नव्हती, बुडामुळं पडलेली होती. म्हणजे शेपूट अंगाला जिथं जोडलंय तिथं. म्हणून खाली मी ज्या क्रमानं सांगतेय त्याच क्रमानं बघा, आधी फुकटातलं, मग पाच-पंचवीस रुपयांचं, उसवायचं काम त्याच्यानंतर आणि तार सगळ्यात शेवटी.

पहिलं, मुठीत धरून बघणं. याला काहीच लागत नाही. शेपूट अंगावरून काढा, बूड मुठीत घट्ट आवळा, मूठ स्वतःच्या कमरेला टेकवा आणि शेपूट बाहेर आडवं सोडा. मुठीत छान उभं राहिलं आणि पोराच्या अंगावर मात्र पडतंय, तर शेपटात काही दोष नाही, पट्ट्यात आहे. आत हात घालू नका. मुठीत धरूनही मधेच मुरडत असेल तर भराव किंवा कटिंग. मुठीपासूनच सगळंच्या सगळं मऊ पडत असेल तर एक तर वजन जास्त किंवा कापड ताणणारं. ही एवढी परीक्षा केली तर निम्मं काम तिथंच समजतं, पण कुणी करत नाही, आल्या आल्या कात्री मागतात.

मग पोराला घालून बाजूनं बघा, समोरून नाही. पट्टा कुठं आहे? बऱ्याचदा शेपूट धोतराच्या नाहीतर चड्डीच्या इलॅस्टिकलाच शिवलेलं असतं. इलॅस्टिकचं कामच ताणलं जाणं आहे, ते शेपूट कसं धरणार. चड्डी खाली येते ती यामुळंच.

आता हे का होतं ते एकदा हिशोबानं सांगते, कारण हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. समजा शेपूट ३०० ग्रॅमचं आहे आणि त्याचं वजन सरासरी अंगापासून ३० सेंटीमीटर लांब पडतंय. बुडाची शिवलेली जागा वर-खाली फक्त ३ सेंटीमीटर असेल तर वरच्या काठावर येणारी ओढ होते ३ किलोची. तीन किलो! चड्डीच्या इलॅस्टिकवर! तीच जागा १५ सेंटीमीटर उंच केली तर ओढ येते फक्त ६०० ग्रॅम. शेपूट तेच, भराव तोच, पोरगं तेच. विहिरीच्या रहाटाचा दांडा लांब असला की कमी जोर लागतो ना तसंच आहे, फक्त इथं लांब दांडा शेपटाकडं आहे आणि आखूड आपल्याकडं.

म्हणून दुसरं काम, बूड मोठं करणं. घरात पाच लिटरचा तेलाचा प्लास्टिकचा कॅन असतोच, त्याची सपाट बाजू कापून साधारण १५ बाय १२ सेंटीमीटरचा तुकडा घ्या, चारी कोपरे गोल करा, कडा मेणबत्तीच्या धगीवर जरा फिरवून बोथट करा (जाळायच्या नाहीत, नुसत्या बोथट). त्याला दोन्हीकडून जुन्या चादरीचं कापड आणि पाठीच्या बाजूला फोम किंवा जुना टॉवेल. झाली गादी. शेपटाचं बूड या गादीवर अंड्याच्या आकारात पसरून शिवायचं, उभं जास्त आणि आडवं कमी. आणि पट्टा गादीच्या वरच्या काठाजवळून न्यायचा, मधून नाही, खालून तर अजिबात नाही. शेपूट वजनानं वरचा काठ पाठीपासून लांब ओढतं आणि खालचा काठ पाठीत दाबतं. खालचा काठ पाठीवर टेकलाय, त्याला धरायला कुणी लागत नाही. वरच्याला लागतं. पट्टा खालून नेला की गादीचा वरचा काठ पाठीपासून सुटतो आणि शेपूट परत पायात.

पट्ट्यासाठी विकत काही आणू नका. जुन्या शाळेच्या सॅकचा पट्टा क्लिपसकट कापून घ्या, नाहीतर निवारपट्टी. इलॅस्टिक नको, नाडीही नको, नाडी पोटात रुतते आणि पोरगं ती हळूच सैल करतं, माझ्या स्वतःच्या पोरानं केलीय. पट्टा कपड्याच्या आतून, आत गंजी असली तर बरं. धोतराला नाहीतर चड्डीला मागं काजासारखी चीर द्या, कडेनं टीप मारा आणि शेपूट त्यातून बाहेर काढा. म्हणजे शेपटाचा आणि चड्डीचा एकमेकांशी काही संबंधच नको.

हे मला शिकवलं इथल्याच एका ड्रेपरीवाल्या, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या, काकांनी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं ते आमच्या सांगलीत, त्यामुळं दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आला की गावातला प्रत्येक माणूस नाटकवाला होतो, पण या काकांचा हात खरंच मुरलेला. ते म्हणायचे, "शेपूट कमरंला बांधायचं नसतंय पोरी, पाठीला टेकवायचं असतंय." तेव्हा नुसतं हो म्हणले. वरचा हिशोब मांडला तेव्हा पटलं.

तिसरं, वजन. भाजीच्या काट्यावर नाहीतर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. पहिली-दुसरीतल्या पोराचं तीन फुटी शेपूट माझ्याकडं तरी ३०० ग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. अर्धा किलो भरलं तर आत चिंध्या आहेत किंवा कापूस आहे, बघायची पण गरज नाही. चिंध्या जड असतात आणि त्यांना स्वतःचा उभारा नसतो. कापूस नवीन असताना बरा असतो पण दाबला की दबूनच राहतो, परत फुगत नाही, आणि घाम किंवा दमटपणा लागला की त्याचे गोळे होतात. २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी आलं तेव्हा वरच्या फळीवरचं बाकी वाचलं पण खाली पोत्यात ठेवलेली कापसाची सात-आठ शेपटं भिजली. उन्हात घातली, पंधरा दिवस घातली, वरून खडखडीत आणि आतून ओली, असा वास सुटला की शेवटी फेकली. फायबरची दोन होती ती धुऊन पिळून दोन दिवसांत वाळली आणि परत वापरली. तेव्हापासून कापूस बंद.

पॉलिस्टर फायबर वेगळा आणायला जायची गरज नसते, एखादी जुनी फायबरची उशी फाडा, एका उशीत शाळकरी मारुतीची दोन शेपटं निघतात. गाठी झाल्या असतील तर हातानं पिंजून घ्या, पिंजारी कापूस मोकळा करतो तसं दोन बोटांनी ओढून ओढून. हे कंटाळवाणं काम आहे, टीव्हीपुढं बसून करा, पण टाळू नका, गाठी तिथंच होतात.

चौथं, भराव कसा बसलाय ते. शेपूट मांडीवर घ्या, डोळे मिटा आणि बुडापासून टोकापर्यंत बोटांनी दाबत जा, शेंग सोलताना दाणा शोधतो तसं. जिथं एकदम कडकवरून मऊ होतं तिथंच मान मोडते. मऊ जागा असणं वाईट नाही, एकदम बदल वाईट. बूड दगडासारखं घट्ट, मधलं घट्ट, टोकाकडं हळूहळू हलकं, असं उतरत गेलं पाहिजे. लोक नेमकं उलटं करतात, म्हणजे टोकापासून भरायला लागतात (ते बरोबर), पण उत्साहात टोक ठासून भरतात आणि बुडापर्यंत येईस्तोवर फायबर संपत आलेला असतो, हात दुखत असतो, मग बूड कसंतरी. टोक जड आणि बूड पोकळ. ते पडणारच.

भरायचं ते लिंबाएवढ्या पुंजक्यांनी, टोकाला तर बोराएवढ्या. मूठभर एकदम कोंबलं की त्याचा बोळा होतो आणि पुढच्या बोळ्याशी जुळत नाही, दोन बोळ्यांच्या मधे फट, फटीत मुरड. ढकलायला रवीचा दांडा उत्तम, किंवा रंगाच्या मोठ्या ब्रशची मागची बाजू. पेन्सिल, विणायची सुई, छत्रीची काडी असलं काही नको, कापडाच्या आरपार जातंय. प्रत्येक पुंजका आधीच्या पुंजक्याच्या मधोमध घुसवायचा, नुसता वर ठेवायचा नाही, म्हणजे धागे एकमेकांत अडकतात.

मान मोडलेली जागा बुडातून दांडा घालून दुरुस्त होत नाही, कितीही ढकला, तिथं पोचतच नाही. त्या जागेवर बाजूची शिवण पाच-सहा सेंटीमीटर उसवा, जागेच्या वर आणि खाली दोन्हीकडं थोडं थोडं भरा आणि हातानं बंद करा. बंद करताना सुई घडीच्या आतून आतून, एकदा या काठात एकदा त्या काठात, आणि तीन-चार टाक्यांनी दोरा ओढायचा, शिवण दिसत पण नाही.

पाचवं, तंगूस. हे खरं तर दुरुस्ती नव्हे, युक्ती आहे, पण अकरा वाजता आलेल्या माणसाला हीच उपयोगी पडते. मासे पकडायचा पारदर्शक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा घ्या, बारीक. शेपटाच्या साधारण दोन तृतीयांश लांबीवर आतल्या वळणाला टाका घ्या, तंगूस वर नेऊन पाठीवरच्या पट्ट्याला बांधा. पाठीवरचा पट्टा म्हणजे दोन्ही खांद्यांवरून सॅकसारखा आडवा-उभा, वर उपरणं नाहीतर केस येतात त्यात झाकून जातो. चार हातांवरून तंगूस दिसत नाही आणि शेपूट वर कमान करून उभं राहतं.

पण दोन गोष्टी. तंगूस गळ्याभोवती कधीही नाही, मुकुटालाही नाही, मुकुट म्हणजे शेवटी हनुवटीखालची नाडीच आहे. आणि तंगूस पट्ट्याला सरळ बांधायचा नाही, मधे साध्या शिलाईच्या दोऱ्याचा एकेरी फासा ठेवायचा. कुणी शेपूट ओढलं (आणि वानरसेना ओढणारच, त्यांना दुसरं काम काय), खिळ्यात अडकलं, तर तो दोरा तुटतो आणि शेपूट नुसतं खाली येतं. पोरगं मागं ओढलं जात नाही.

इथपर्यंत बहुतेक शेपटं सरळ होतात. पुढचं आता उसवायचं आणि नव्यानं शिवायचं काम आहे, वेळ असला तरच.

शिवण बघा. बुडापाशी दोन्ही अंगठ्यांनी शिवण फाकवा. मधे दोऱ्याची शिडी दिसली तर टाका मोठा आहे किंवा मशीनवरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) सैल आहे. टाका दोन ते अडीच मिलीमीटर ठेवा, इंचाला दहा-बारा टाके, आणि बुडाच्या वीतभर भागात डबल टीप. मार्जिन, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं कापड, एक सेंटीमीटर तरी पाहिजे, लोक ब्लाऊजच्या चिंधीतून कापतात आणि मार्जिन सोडतच नाहीत, मग भरताना धागे निसटतात. सुई पॉपलीनला १४ नंबर, वेलवेटला नाहीतर जाड कापडाला १६. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा ताणावर तुटतो. वळणावर मार्जिनला कात्रीनं खाचे द्यायचे, आतल्या वळणाला नुसती चीर, बाहेरच्या वळणाला लहान त्रिकोण काढून टाकायचा, टिपेच्या दोन-तीन मिलीमीटर अलीकडं थांबायचं. खाचे दिले नाहीत तर उलटवल्यावर वळण बसत नाही, सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुतीवरच पुढं मान मोडते. म्हणजे बघा, भरावाचा वाटणारा दोष कात्रीचा निघतो.

मग कापड. पीळ खाणारं शेपूट जवळजवळ नेहमी वेलवेटचं असतं. वेलवेटची लव एकमेकांवर ठेवली की शिवताना वरचा थर पुढं सरकतो, खालचा मागं राहतो, टोकापर्यंत गेलं की एक थर बोटभर जास्त उरतो आणि तो ओढून-ताणून जुळवला की पीळ शिवणीतच बसला. आता कितीही भरा, सरळ होणार नाही. उसवा. परत शिवताना आधी हातानं कच्चा धावदोरा, दर दोन बोटांवर, मग मशीन, आणि दोन्ही बाजूंच्या टिपा एकाच टोकाकडून मारा, एक वरून खाली आणि एक खालून वर अशी नाही. दोन्ही तुकडे कापडाच्या उभ्या धाग्यावर कापलेत ना तेही बघा, एक उभा आणि एक ओरेब (तिरका) गेला की ओरेबवाला ताणतो आणि पीळ पडतो.

होजिअरी, वेलवेटचं ताणणारं कापड, फर, हे सगळं रंगाला चांगलं पण ताणून लांब होतं. त्याच्या आत मांजरपाटाचं, म्हणजे साध्या न ताणणाऱ्या सुती कापडाचं, शेपूट शिवा, भराव मांजरपाटात आणि वरून वेलवेट नुसता गवसणीसारखा. मांजरपाट वजन धरतो, वेलवेट फक्त दिसतो. मी आता सगळीच अशी करते, वेळ दीडपट लागतो पण परत येत नाहीत.

जाडीची एक चूक सगळ्यांची होते. ८ सेंटीमीटर जाड शेपूट हवं म्हणून ८ सेंटीमीटर रुंद दोन पट्ट्या कापतात. भरल्यावर ते गोल होतं, घेर १६ आणि जाडी जेमतेम ५. बारीक नळी लवकर वाकते. ८ जाडी हवी तर घेर २५ लागतो, म्हणजे प्रत्येक पट्टी साडेबारा आणि वर दोन्हीकडचं मार्जिन धरून साडेचौदा. बुडाला एवढं, टोकाला त्याच्या तिसरा हिस्सा.

आणि आकार. मारुतीस्तोत्र म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या प्रत्येकाला शेपूट माथ्यापर्यंत मुरडलेलंच हवं असतं, चुकीचं काही नाही. रामदासांच्या अकरा मारुतींपैकी बहे-बोरगावचा आणि शिराळ्याचा आमच्याच जिल्ह्यातले, मूर्तीचा फोटो मोबाईलवर आणून "अगदी असं" म्हणतात. पण दगडी शेपूट मागच्या दगडाला चिकटलेलं असतं, कापडाचं हवेत असतं. सरळ नळी शिवून ती नंतर वाकवली तर आतल्या बाजूला सुरकुत्या येणार. वाकडं हवं तर वाकडंच कापा. वर्तमानपत्रावर कमान काढा, पोराच्या पाठीला लावून बघा, त्यावरून दोन तुकडे एकमेकांचे आरसे असे कापा. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब असते, भरल्यावर कापड आपोआप त्या वळणाला जातं. तंगूसाला मग जोरच लागत नाही. डायनासोरचं शेपूट आलं तर यातलं काहीच करू नका, ते जमिनीला टेकलेलंच असतं, फक्त बूड रुंद आणि आत फायबरऐवजी फोमचे तुकडे.

आता तार. पहिली-दुसरीपर्यंतच्या पोरांना मी तार घालतच नाही, आईबापांनी कितीही म्हटलं तरी. पोरगं उड्या मारतं, विंगेत धपकन खाली बसतं, आणि बसलं की तारेचं मागचं टोक सरळ माकडहाडात. मोठ्यांसाठी घालायची तर ॲल्युमिनियमची तीन मिलीमीटरच्या आसपासची, ती वाकते आणि आहे तशी राहते. जीआय तार (जस्त चढवलेली लोखंडी) स्प्रिंगसारखी उडते. तार उघडी घालू नका, गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप असतो ना, त्यात घालून मग फायबरच्या मधोमध. दोन्ही टोकं मागं वळवून कडी करा, कडीवर चिकटपट्टी, त्यावर फोम. बुडाची कडी प्लास्टिकच्या गादीला चार ठिकाणी छिद्रं पाडून जाड दोऱ्यानं बांधायची. ही बांधणी नसेल तर तार आत गोल फिरते आणि शेपूट पडतं ते पडतंच, शिवाय जड. तार एकाच जागी सात-आठ वेळा वाकवली की तुटते, हे लक्षात ठेवा, तालमीत सारखी वाकवू नका.

आता कुठं थांबायचं.

आतली तार टोचतेय किंवा आत कट्ट असा आवाज आला तर ती तुटलीय. वरून चिकटपट्टी लावून चालवू नका. तार पूर्ण काढा, निघत नसेल तर शेपूट टाकून द्या. टोचून रक्त आलं असेल, तार गंजलेली असेल, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा, हळद लावून गॅदरिंग उरकू नका.

मोठ्या माणसाचं चार फुटाच्या वरचं शेपूट, ते पण डोक्यावर कमान केलेलं, आणि तो माणूस मिरवणुकीत ट्रॉलीवर उभा, हे शिवणकाम राहत नाही. त्याला पाठीवर सांगाडा लागतो, खांद्यावर वजन घेणारा. ड्रेपरीवाले किंवा नाटकाचं साहित्य बनवणारे यांच्याकडं जा, भाड्यानंही मिळतं. मी स्वतः तिकडंच पाठवते.

लंकादहन असेल आणि कुणी म्हणालं की टोकाला थोडा कापूर लावू, दोन मिनिटं जळेल, तर सरळ नाही म्हणा. पॉलिस्टर नुसता जळत नाही, वितळतो आणि कातडीला चिकटतो. कापूस आत धुमसत राहतो, वरून विझला वाटतो. लाल-पिवळ्या सॅटीनच्या रिबिनी आणि सेलवरची एलईडीची माळ, अंधारात लोकांना तेच जास्त आवडतं. खरी आगच पाहिजे म्हणणाऱ्या मंडळाला मी शेपूटच देत नाही. एकदा अशानं पाच शेपटांची ऑर्डर गेली, गेली.

मशीनचं पण सांगते. जाड कापडावर सुई तुटणं होतं, एकदा तुटली तर नवीन घाला आणि हातानं चाक फिरवून बघा. लागोपाठ तीन सुया तुटल्या, किंवा सुई तारेवर आपटली आणि त्यानंतर टाके सुटायला लागले, तर टायमिंग, म्हणजे सुई आणि खालच्या हुकाचा मेळ, हललंय. स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका, मशीनच्या मिस्त्रीला बोलवा. मी एकदा स्वतः उघडलं होतं, बसवायला मिस्त्रीच लागला आणि वर त्याची बोलणी पण खाल्ली.

आणि तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे मोजायचे. दोन तुकडे जुळवून सुई पूर्ण होते का बघायची. टोकाचा तुकडा सापडत नसेल तर जुन्या स्पीकरमधलं चुंबक शेपटावरून सगळीकडं फिरवा, कापडाच्या आत असला तरी तिथं चिकटल्यासारखं ओढतं. (आत लेव्हल पाइपात ॲल्युमिनियमची तार असेल तर तिचा घोळ होत नाही, चुंबक तिला धरत नाही, जीआय असेल तर कळणार नाही.) तुकडा नाहीच सापडला तर भराव सगळा काढून फेकून द्यायचा आणि कापड उलटं करून बोटांनी नाही, चुंबकानं परत तपासायचं. त्या वहिनींच्या शेपटात असाच एक निघाला, ओढणीच्या चिंधीत रुतलेला, बुडापासून दोन बोटांवर.